पिवळ्या माशाचं माहेरपण

व्याही दारात आले ते पाण्याने फुगलेली पिशवी घेऊनच. आत पिवळाधमक मासा.

"तुमच्या टाकीसाठी! सोडा लगेच, बघू कसा शोभतो."

चष्मेवाले टाकीच्या आडवे उभे राहिले. दिवसभर दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे बसायचं, एवढंच त्यांचं विश्व. टाकीत जिवंत प्रवाळ होते, बोटाएवढे आणून पंजाएवढे वाढवलेले. नवा मासा थेट सोडला आणि त्याच्याबरोबर रोग आला, तर सगळंच मुसळ केरात; कारण रोगावरच्या औषधाने आधी प्रवाळच मरतात. म्हणून नव्या माशाने आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत राहायचं, हा त्यांचा नियम. पण व्याह्यांना कोण सांगणार?

"जरा वेगळा ठेवावा म्हणतो," ते चाचरत म्हणाले.

"का? आमचा मासा रोगी वाटला?" व्याही लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचा आवाज दहाव्या मजल्यावरून तळघरात पोचायचा.

बायकोने चष्मेवाल्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, सोडा तो मासा. माणसं तुटतील."

"प्रवाळ मरतील गं."

"म्हातारपणी प्रवाळ बघणार आहेत का तुम्हाला?"

बाहेर येऊन त्यांनी पडेल चेहऱ्याने टाकीचं झाकण उचललं. तेवढ्यात सूनबाई आपल्या वडिलांना म्हणाली, "पप्पा, केवढा दमलाय तो! सासरी धाडण्याआधी थोडं माहेरपण नको का करायला?"

व्याही थबकले. "असं होय! मग आधी नाही का सांगायचं?" आणि लगेच त्यांची छाती फुगली. "पण माहेर म्हटलं की ते आमच्याच घरी."

चष्मेवाल्यांची जास्तीची टाकी, पंप आणि मासा घेऊन व्याही निघूनही गेले.

चार-पाच दिवसांनी फोन आला. आवाज पार खाली गेलेला. "व्याहीबुवा, त्याच्या अंगावर साखर सांडल्यासारखे ठिपके आलेत हो."

'मी सांगत होतो' हे शब्द चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आले होते. ते गिळून ते औषध घेऊन धावले. दोघांनी डोक्याला डोकं लावून थेंब मोजले. चष्मेवाले भिंग लावून ठिपके बघायचे आणि व्याही त्यांच्याच चेहऱ्याकडे बघायचे. पुढे रोज संध्याकाळी हेच. विहीणबाई चहा ठेवून जायच्या, तो गार व्हायचा. ठिपके गेले, तरी व्याह्यांनी आणखी बरेच दिवस मासा सोडला नाही. "खात्री होऊ द्या. घाई कसली?"

अखेर पाठवणी झाली. पिशवी मांडीवर घेऊन व्याही आले. मोठ्या टाकीत सोडताच मासा एका खडकामागे शिरला तो दिसेचना. जुन्या माशांपैकी एकाने जाऊन त्याला हुंगलं, तसे व्याही उठून उभे राहिले. "अहो, तो त्याला मारतोय!"

"ओळख करून घेतोय. बसा."

व्याह्यांनी खुर्ची काचेजवळ ओढली. पानं वाढली, हाका झाल्या. ते हलेनात.

"पप्पा, जेवून घ्या ना," सूनबाई म्हणाली.

"तो काही खातो का बघू दे आधी."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं, हळूच आपलं ताट उचललं आणि दुसरी खुर्ची व्याह्यांच्या शेजारी नेऊन मांडली.