पोस्टमास्तरांची दुपार

“अहो, वरच्यांना जरा सांगा ना! इथे मी माणसाला दोषी ठरवतेय!” न्यायदंडाधिकारी बाई पेन आपटत ओरडल्या.

यजमान स्वयंपाकघरातून हसले. “डोक्यावर ड्रम वाजतोय आणि तू ट्रम्पेटवाल्याचा निकाल लिहितेयस. बिचाऱ्याचं आज काही खरं नाही!”

वरच्या मजल्यावरची मुलगी हल्ली ड्रम शिकत होती. मुलगी गोड होती, ड्रम नव्हता.

खटला तसा किरकोळ. निवृत्त पोस्टमास्तरांनी शेजारच्या बँडवाल्यावर फिर्याद ठोकली होती, की हा रोज भरदुपारी ट्रम्पेट घोटतो, सार्वजनिक उपद्रव होतो. साक्ष ऐकतानाच बाईंनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. शेजाऱ्याच्या वाद्याचा जाच काय असतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. दोषी ठरला तर बँडमधली त्याची जागा जाणार होती. पण त्याला इलाज नव्हता.

आता फक्त कारणं लिहायची होती, आणि तीच हाताला लागेनात.

बाईंनी नेहमीच्या शिस्तीने मुद्दे मांडले. आरोपी वाजवत होता का? होय, तोच कबूल करतो. फिर्यादीला त्रास झाला का? होय. त्रास सार्वजनिक होता का? इथे पेन अडलं. कायद्याला एकट्याचा त्रास पुरत नव्हता, आजूबाजूच्या चारचौघांचा लागत होता. बाईंनी साक्षी पुन्हा चाळल्या. समोरचा शिंपी म्हणाला होता, “त्याच्यापेक्षा आमची मशीन जास्त बोंबलते.” खालच्या आजी म्हणाल्या होत्या, “वाजला नाही की मला घोर लागतो. पोराला ताप तर नाही ना आला?” त्यावर अख्खं कोर्ट हसलं होतं, बाईसुद्धा. त्या हसण्यात उत्तर वाहून गेलं होतं.

त्यांनी मुद्दे खालीवर करून पाहिले, एक परिच्छेद ओढूनताणून लिहिला आणि स्वतःच फाडला.

“काय झालं?” यजमानांनी विचारलं.

“कारणं मांडायला घेतली आणि निकालच उलटला हो!”

“कारणं शहाणी दिसतात. तुझ्यावर नाही गेली.”

बाई खळखळून हसल्या आणि नवा कागद घेतला. ‘निर्दोष’ लिहिणं आता सोपं होतं. पण या मांडणीत पोस्टमास्तर दोन ओळींतच उरकले जात होते, त्यातही ‘फिर्यादी चिडखोर स्वभावाचे दिसतात’ असं एक वाक्य होतं. बाईंनी ते खोडलं. साक्षीत म्हातारबुवा म्हणाले होते, “बायको गेल्यापासून रात्री डोळा लागत नाही, बाईसाहेब. दुपारी लागतो तेवढाच.” ते शब्द त्यांनी जसेच्या तसे सगळ्यांत आधी घातले. पुढे लिहिलं, ‘हा त्रास खरा आहे. गुन्हा मात्र नाही.’

दुसऱ्या दिवशी कोर्टात निकाल वाचून झाल्यावर पोस्टमास्तर उठले.

“म्हणजे मी हरलो.”

“हो.”

“पण मी खोटं बोललो नाही, असं त्यात लिहिलंय?”

“लिहिलंय. पहिल्याच पानावर.”

मधल्या सुट्टीत बाई बाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर पोस्टमास्तर चष्मा लावून तेच पान मोठ्याने वाचत होते. शेजारी बँडवाला मान खाली घालून बसला होता. बायकोचं वाक्य आलं तसा म्हाताऱ्याचा आवाज थांबला.

“वाचा ना, काका,” बँडवाला हळूच म्हणाला. “ऐकतोय मी.”

बाई चपलेचा आवाज न करता मागच्या मागे फिरल्या.