माझ्या मुळांवरच्या गाठी

मित्रांनो, मी ठाण्याजवळच्या बाळकुमचा कडवा वाल. खूप जुना. दाण्यातून वेल, वेलातून पुन्हा दाणा, असा मी टिकून आहे, आणि आजवर कुणापुढे वाकलेलो नाही.

ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षे झाली असतील, तेव्हाची गोष्ट. भाताची कापणी होताच लुसी नावाच्या शेतकरणीने मला ओलसर शेतात पेरले. तिचा नवरा त्याच पावसाळ्यात वारला होता. पदरात तान्ही डोरोथी, घरात नुसती पेज, आणि अंगावरचे दूध आटत चाललेले. तिची सारी भिस्त माझ्यावर होती.

मला खत नाही, पाणी नाही. जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर भागवले, तरी मी तरारलो.

एके दिवशी तिचे थोरले दीर पर्सी आले. जन्म मिठागरात गेलेला. वालाशी त्यांची ओळख ताटापुरतीच. त्यांनी माझ्या शेजारचा वेल उपटला. मुळांवर बारीक गाठी दिसल्या.

"हा रोग हाय," ते म्हणाले. "समदं उपट नि जाळ. नायतर भातालाही लागेल."

असा संताप आला मला! रोग? अहो, तो माझा भटारखाना! त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन पकडून मला देतात. मी त्यांना पानांत उन्हावर केलेली साखर देतो. त्या नायट्रोजनातूनच मी अमिनो आम्ले घडवतो. त्यांतली काही तुमच्या शरीराला बनवताच येत नाहीत, ती खाऊनच मिळवावी लागतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण हे जमते. आम्ले जोडून प्रथिने करतो आणि दाण्यात साठवतो. खरे सांगू? तुमच्यासाठी नव्हे, माझ्या कोंबासाठी.

पण मला बोलता कुठे येते? लुसी बोलली. गाठी तिनेही कधी पाहिल्या नव्हत्या. ठाकुर्लीला तिच्या माहेरी वाल विळ्याने कापत, मुळे मातीतच राहत. तिने उपटलेल्या वेलाच्या शेंगा चाचपल्या.

"भाऊजी, रोगी झाडाच्या शेंगा अशा भरतात का? मी नाय उपटणार. तुम्हाला उपटायचं तर आधी मला बाजूला करा."

"उद्या भात गेलं तर माझ्या दारात येऊ नको," म्हणून ते रागाने निघून गेले.

शेंगा वाळल्या. लुसी रोज भातासोबत माझे बिरडे खाऊ लागली. भातात जे कमी ते माझ्यात, माझ्यात जे कमी ते भातात. तिच्या अंगात हळूहळू त्राण आले आणि डोरोथी पोटभर पिऊन झोपू लागली. वेल तिने विळ्यानेच कापले; मुळे मातीतच कुजली आणि गाठींतला नायट्रोजन जमिनीला मिळाला.

पुढच्या पावसात त्या शेतातले भात शिवारात सगळ्यांत गर्द हिरवे झाले. पर्सी बांधावर आले. मग खाली मान घालून म्हणाले, "लुसी, वालाचं मूठभर बियाणं देशील?"

तिने ओंजळभर दिले.

मित्रांनो, ही विनंती नाही, ताकीद आहे. जे कळत नाही त्याला रोग म्हणून उपटू नका. मला कापा, शिजवा, खुशाल खा. मुळे मात्र मातीतच राहू द्या. त्यांचे काम अजून संपलेले नसते.