जो आधी येईल तो ई

गिऱ्हाइकाच्या लग्नाची अख्खी फिल्म स्टुडिओवाल्यांच्या थोरल्या सुनेने एकटीने कापून-जोडून पुरी केली होती. तिच्या नवऱ्याने चारचौघांत शब्द दिला होता, "आज गिऱ्हाइकाच्या हातात पडली तर एडिटिंगची खुर्ची तुझी. नाही पडली तर तू नि तुझं काउंटर." काउंटर म्हणजे ओळखपत्राचे फोटो कातरायचे आणि दिवसभर "कान दिसू द्या" म्हणत बसायचं. लोकांच्या कानांचा थोरलीला वीट आला होता.

नवरीची आई स्टुडिओतल्या सोफ्यावर येऊन बसलीसुद्धा. लेक-जावयाचं विमान संध्याकाळी होतं. थोरलीने लाल पट्टीची हार्डडिस्क जोडली, फोल्डर उघडला. आत चिटपाखरू नव्हतं.

"अहो, फिल्म नाहीये. काल सेव्ह झाली म्हणून दाखवलं होतं की!"

"मशीन चुकत नाही," नवरा म्हणाला. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं, तरी तो हेच म्हणायचा.

पुन्हा बनवायची तर चार तास जाणार, आणि बाई तर तासाभरात निघणार. थोरलीने धाकट्या दिराला हाक मारली. घरातले कॉम्प्युटरवाले तेच, कारण बाकीच्यांपेक्षा त्यांना दोन बटणं जास्त ठाऊक होती. सी ड्राइव्ह भरली की मशीनला धाप लागते, म्हणून गेल्या महिन्यात भाऊजींनी वाटणी केली होती: सीवर नुसती सॉफ्टवेअर, डीवर कच्चं शूटिंग, तयार फिल्म बाहेरून जोडलेल्या डिस्कवर, म्हणजे ईवर. इतकी चोख वाटणी त्यांच्या खानदानात कधी झाली नव्हती.

"वहिनी, काल लाल डिस्क जोडलीत तेव्हा दुसरी काही होती का लावलेली?"

"यांची काळी होती. आधीपासून."

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. "मग झालं! ई हे डिस्कचं नाव नाही हो, ती बसायची जागा. जो आधी येईल तो बसेल. काळी बसली, तुमची लाल सरकली एफवर. सॉफ्टवेअरला सांगितलंय ईवर टाक, त्याने डोळे मिटून टाकली."

"हे वाटणी करताना नाही सांगितलंत ते?"

"तेव्हा मला कुठे माहीत होतं? आत्ता बोलता बोलता कळलं."

थोरली सावकाश नवऱ्याकडे वळली. "अहो, कामाच्या मशीनला तुमची डिस्क कशाला लावली होती?"

नवऱ्याने कॅमेऱ्याच्या स्टँडचा घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट केला. "दोन सिनेमे घेत होतो. मारामारीचे. आईसाठी."

"मशीन चुकत नाही, नाही का? कुठाय ती?"

"वर. आईच्या टीव्हीला."

घर स्टुडिओच्या डोक्यावरच. तिघं धडाधडा जिना चढले. मागोमाग नवरीची आई, कुणी न बोलावता. सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि टीव्हीवर नवरी हमसून हमसून रडत होती.

"या," टीव्हीवरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या. "लावायला गेले मारामारी, तर ही रडायला लागली. दुसऱ्यांदा बघतेय. कुणाची गं ही?"

"माझी," म्हणत नवरीची आई तिथेच टेकली.

"गुणी दिसते. पण ती जांभळ्या कपड्यांतली कोण? जिथेतिथे पुढे पुढे!"

"माझी नणंद."

"वाटलंच. हे कापलंय कुणी?"

"आम्हीच..." नवऱ्याने घसा खाकरला.

"तू गप. तुझ्या फिल्ममध्ये माणसं घास तोंडात घालताना आ वासून थांबतात."

"मी कापलंय, आई," थोरली हळूच म्हणाली.

"मग बरोबर. पोरीला पोटभर रडू दिलंयस, मधेच गाणं कोंबलं नाहीस."

सासूबाईंनी शेवटपर्यंत बघितल्याशिवाय डिस्क सोडली नाही. तरी फिल्म पेनड्राइव्हवर उतरली आणि थोरलीने ती स्वतःच्या हाताने नवरीच्या आईच्या हातात ठेवली.

दुपारी ती खुर्चीत बसली. पहिलं काम, भाऊजींना शेजारी बसवून प्रत्येक डिस्कला कायमचं अक्षर देऊन टाकलं. लालला ई. आता कुणी कितीही आधी येवो.

"आणि दादाच्या काळीला?" भाऊजींनी विचारलं.

"शेवटचं कुठलं असतं?"

"झेड."

"तेच द्या."

बाहेर काउंटरवरून नवऱ्याचा पडलेला आवाज आला, "कान दिसू द्या."