पडद्यापुढं बोललेला शब्द

मी एक जुना नाटकाचा पडदा आहे. वडसा गावच्या एका पेंटरनं माझ्या मांजरपाटावर राजवाडा रंगवला. राजवाडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे माझे खांब थेट सागाच्या झाडांसारखे झाले. पण मित्रांनो, झाडीपट्टीतल्या माणसांना तेच आवडले. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, तेव्हा आधी मला बांधत, मग आकाशपाळणे लागत. दोरी ओढली की मी एका अंगाला सरकायचो आणि माणसं बोलणं थांबवायची. काय रुबाब होता तेव्हा माझा!

माझा लाडका नट म्हणजे मुखरूभाऊ. धान पिकवणारा माणूस, अक्षरओळख जेमतेम, पण आवाज असा खणखणीत की लांब बैलबंडीवर पेंगणारा म्हाताराही जागा व्हायचा. पाठांतराच्या नावानं मात्र बोंब. विंगेतून प्रॉम्प्टर जे सांगेल ते भाऊ जसंच्या तसं ठणकावून बोलायचे. आमच्याकडच्या कितीतरी नटांची हीच रीत.

पुढे खुशालभाऊ या म्हाताऱ्या नटानं शाळेच्या व्हरांड्यात दर रविवारी मुलांना नाटक शिकवायला सुरुवात केली. पोरींनाही बोलावलं. गावात कुजबुज झाली. मुखरूभाऊंची दिव्यानी दहावीत होती, ती सगळ्यांत आधी जाऊन बसली. भाऊंनी निक्षून सांगितलं, "माह्या पोरीनं तोंड रंगवून उभं राहाचं नाई." जन्मभर तोंड रंगवलेला माणूस हे म्हणतो, याचं मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. शेवटी खुशालभाऊंनी तोड काढली. पोरगी दिसणार नाही, फक्त विंगेतून वाक्यं सांगेल.

मुलांनी नाटकही स्वतःच रचलं. एक बाप पोरीची शाळा सोडवून तिचं लग्न लावतो, असं. बापाच्या कामासाठी त्यांनी मुखरूभाऊंनाच गळ घातली आणि भाऊ खुशीत तयार झाले. गंमत बघा, घरी त्यांनी खरोखरच दिव्यानीची सोयरीक जुळवत आणली होती. मंडई आटोपली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि परीक्षा झाली की मांडव. तिला तर पुढं शिकायचं होतं. तालमीला मला व्हरांड्यातच बांधत, तिथं ती माझ्याआडून वाक्यं सांगायची आणि माझ्याच कडेनं डोळे पुसायची. मी पडलो कापड, काय करणार?

मंडईच्या दुपारी सगळा गाव जमला. शेवटच्या प्रवेशात बापानं म्हणायचं होतं, पोरीच्या जातीनं शिकून काय करायचं, घाला मांडव. दिव्यानीनं माझी कड मुठीत घट्ट धरली आणि हळूच वेगळंच वाक्य सांगितलं. भाऊ सवयीनं गरजले, "माही पोरगी शिकंल. मांडव आत्ता नाई पडत."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बायकांच्या बाजूनं टाळ्या उठल्या, त्या थांबेनात. खुशालभाऊंनी घाईघाईनं दोरी ओढून मला बंद केलं.

माझ्यामागे बापलेक समोरासमोर उभे होते. पोरीनं माझी कड अजून सोडली नव्हती. भाऊ म्हणाले, "मले तोंडावर नाई सांगता आलं तुले?"

"सांगतलं होतं, बाबा. तुमी आयकलं नाई."

भाऊंनी मान खाली घातली. "आता साऱ्या गावापुढं बोललो. मांगं कसा घेऊ?"

साक्षगंध झालं नाही. दिव्यानी गोंडपिपरीला अकरावीला गेली. पुढच्या वर्षी व्हरांड्यात नाटक शिकणाऱ्या रंजीताच्या बापानं तिची सोयरीक काढली, तेव्हा गावातल्या बायकांनीच त्याला अडवलं. मुखरूभाऊनं पडद्यापुढचा शब्द पाळला, तुले काऊन जड जाते, असं त्या विचारत होत्या. शेवटी त्यानंही सोयरीक मोडली.

आता खुशालभाऊ राहिले नाहीत. रविवारी व्हरांडा रिकामा असतो. मंडईत बाहेरचे झगमगीत पडदे येतात आणि मला यंदा धानाच्या गंजीवर टाकलं होतं. उंदरांनी दोन खांब खाल्ले.

मित्रांनो, जमलं तर मला ठिगळ लावा, ऊन दाखवा आणि तो व्हरांडा पुन्हा भरवा. नाही जमलं तर माझं जाऊ द्या, जुनं कापड फाटायचंच. पण तुमच्या वर्गात जिचं घरी कुणी ऐकत नसेल, तिला आधी एखाद्या पडद्याच्या कडेला आणून उभं करा.