खदानीवरची घंटी

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतली तर नव्हेच. मी बैलाच्या गळ्यातली. आवाज थोडा घोगरा वाटला तर समजून घ्या. वय झालंय आणि अलीकडे उघड्यावर राहावं लागतं.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्यानं मेणावर माती लिंपून साचा केला, वितळलेलं कासं आत ओतलं आणि थंड झाल्यावर लोखंडाची जीभ बसवली. पहिल्यांदा हलवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "लय बोलन हे." माणूस जाणकार होता, दुसरं काय!

मला घेतलं बंजाऱ्यांच्या एका तांड्यानं. बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून ही माणसं मुलुखभर फिरत. सगळ्यांच्या पुढे एक बैल चाले, त्याला गराशा म्हणत. त्याच्या पाठीवर कधी ओझं टाकत नसत. तो जिथं बसेल तिथं तांडा उतरायचा, असा रिवाज होता. तांड्याच्या प्रमुखाचा, म्हणजे नायकाचा शब्दसुद्धा त्यापुढे चालत नसे. त्या गराशाच्या गळ्यात मी होते. मी वाजतेय तोवर चालायचं आणि मी गप झाले की गोण्या उतरवायच्या. मागच्या टोकाच्या बायकांना बैल दिसत नसे, पण माझं गप होणं त्यांना बरोबर ऐकू जाई.

लोकांना वाटे, यात काहीतरी देवाचं आहे. असेलही. मी तर त्याच्या गळ्याशीच असे, त्यामुळे मला एवढं माहीत आहे की तो बसायच्या आधी पाणी हुंगायचा. एकदा एका भरल्या तळ्यापाशी त्यानं पाऊलच टाकलं नाही. मान अशी मागे ओढली की माझी जीभ टाळ्याला चिकटून राहिली. माणसं तहानलेली होती, त्याच्या पाया पडली, पण तो हलला नाही. शेवटी तांडा तसाच पुढे गेला. मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्यानं तिथंच मुक्काम टाकला. त्यांचं पुढे काय झालं, ते आमच्याकडे कुणी मुलांदेखत बोलत नसे.

मग रेल्वे आली, सडका झाल्या, बैलांच्या पाठीची गरज संपली. आमचा तांडा दारव्ह्याच्या बाजूला कायमचा बसला आणि कापूस पिकवू लागला. गराशा म्हातारा होऊन गेला. पण खरं सांगू? तो गेला असं मला कधी वाटलंच नाही. रिकाम्या गोठ्यात खुंटीला टांगलेली असतानाही मधूनच माझ्या कडीला मानेची ऊब लागायची, अगदी भर दुपारी. मी घाबरत नसे. इतकी वर्षं ज्याच्या गळ्यात काढली, त्याला काय घाबरायचं?

पिढ्या गेल्या. आता घरात हरिसिंग हा म्हातारा कर्ता होता. बोंडअळीची वर्षं आली तशी गावात बैलजोड्या कमी झाल्या. हरिसिंगनंही जोडी विकली, मला मात्र विकलं नाही. पोळ्याला चिंचेनं घासून लख्ख करायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा. गोठ्यात आता बैलांच्या जागी त्याच्या नातवाची, भावसिंगची, जुनी येझदी मोटरसायकल उभी असे. एका सकाळी आजोबांना विचारून भावसिंगनं मला काढलं आणि गाडीच्या हँडलला बांधलं. पेट्रोलच्या वासानं माझं डोकं उठलं. पण चालायला मिळणार होतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

भावसिंग यवतमाळात गाड्या दुरुस्त करायचा. तिथं त्याचा एक ग्रुप जमला होता. रस्ता सोडून, नाल्याखोऱ्यातून गाड्या घालायच्या, चिखलात पडायचं, उठायचं आणि त्याचे फोटो काढायचे. माणसं चांगला रस्ता असताना खड्ड्यात का जातात, हे मला अजून कळलेलं नाही. तर त्या हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून गाड्या घेऊन रानात तंबू ठोकायचं ठरवलं होतं. बायकापोरंही येणार होती. अडलं होतं ते फक्त जागेपाशी.

जागेवरून फोनवर नुसती भांडणं. उमरखेडकडं पैनगंगेच्या वाळूत उतरू म्हटलं, तर कुणी म्हणे वरून पाणी सोडलं म्हणजे तंबूसकट वाहून जाऊ. कळंबकडची टेकडी काढली, तर चतुर्थीला तिथं गणपतीची गर्दी. शेवटी भावसिंगनं तांड्याचा रिवाज सांगितला आणि सगळ्यांना तो आवडला. "आता बैल तं नाई, पण घंटी हाये," तो म्हणाला. "खाचखळग्यात हे वाजतच राह्यते. जिथं गाडी चालू असून घंटी गप झाली, ती जागा सपाट. तिथंच तंबू." अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती. मला मात्र बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणी मला विचारत होतं.

जागा पाहायला तिघं निघाले. भावसिंग, त्याच्यामागे मैत्रेयी आणि दुसऱ्या गाडीवर ऋतिक. मैत्रेयी दवाखान्यात नर्स होती. ऋतिक हार्डवेअरच्या दुकानदाराचा पोरगा, हसरा आणि हट्टी. त्यानं मोबाईलच्या नकाशात एक जागा आधीच हेरून ठेवली होती. मुरमाची जुनी खदान, मधोमध निळं पाणी. तीच जागा ठरावी म्हणून तो सकाळपासून मागे लागला होता.

वाटेत आम्ही एका शेताच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी थांबलो. वेचणी चालू होती, वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकला होता. भावसिंग नि मैत्रेयी वेचणाऱ्या बायांना वाट विचारायला गेले. तेवढ्यात ऋतिकनं काट्यांवरचा कापूस ओढला, बोटांनी त्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. चांगला घट्ट कोंबला. माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान कुणी केला नव्हता.

खदानीची वाट चढाची होती. येझदी उड्या मारत होती आणि मी मुकी. इंजिनाच्या आवाजात भावसिंगला ते कळलं नाही. वर येताच सपाट मुरूम लागला, त्यानं वेग कमी केला आणि कान दिला.

"गप झाली ना बे!" ऋतिक ओरडला. "मी म्हणतच होतो!"

जागा दिसायला दृष्ट लागावी अशी होती. पन्नास तंबू मावतील एवढं मैदान, कडेला पळस आणि खाली पाणी. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसत. पण मला ती जागा पाहताच कसंतरी झालं. वाटेवर गुरांच्या खुरांच्या खुणा होत्या. त्या खदानीच्या काठापर्यंत आल्या होत्या आणि तिथून सगळ्याच्या सगळ्या मागे वळल्या होत्या. एकही खूण पाण्यापर्यंत गेली नव्हती. काठावर बगळा नाही, बेडूक नाही. पाण्यावर काही चतुर तरंगत होते, पंख पसरून. भर दुपारी रानात इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि तेव्हाच माझ्या कडीला ती ऊब लागली. मान मागे ओढली गेली, त्या तळ्यापाशी ओढली होती तशीच.

"गाडी एका बाजूले ओढून राह्यली," भावसिंग पुटपुटला. उतरून त्यानं टायर दाबून पाहिलं, हँडल हलवून पाहिलं. काहीच बिघाड नव्हता. त्यानं हात पँटला पुसले. त्याला घाम आला होता.

मैत्रेयीनं बिस्किटांचा पुडा फोडला. चुरा खाली सांडला. ऋतिक धावतच पाण्याशी उतरला, तोंड धुतलं, डोकं बुडवलं, ओंजळीनं प्याला. "लय थंड हाये बे, या!" तो ओरडला.

जाऊ नका, जाऊ नका, असं मी जीव तोडून म्हणत होते. कापसातून काय निघणार! गाडी स्टँडवर उभी होती, बंद. वारा नव्हता. तरी हँडल हळूच एका बाजूला वळलं. मग दुसऱ्या बाजूला. ओढ घेणारा बैल मान हलवतो, तसं. माझी जीभ कापसावर आपटली. धप्. धप्.

मैत्रेयीनं वळून पाहिलं. "भावसिंग, तू हात लावला का गाडीले?"

"मी तं इथं हावो."

दोघं हँडलकडे पाहत राहिले. ते अजून हलत होतं. मैत्रेयी भीत भीत जवळ आली, माझ्याखाली हात धरला आणि तिच्या बोटांना कापूस लागला. तिनं तो ओढून काढला. मी एकदाच वाजले. काय वाजले मी! आवाज खदानीच्या भिंतींवर आपटून परत आला.

"हे कोणं केलं?"

ऋतिक काठ चढून हसत येत होता. "मीच कोंबला. तुमची घंटी आयुष्यात गप झाली नसती." हसता हसता त्याच्या तोंडातून लाळ गळली. त्यानं ती पुसली, पुन्हा गळली. "काहून असं होऊन राह्यलं?" तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

मैत्रेयीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. उन्हात त्याच्या बुबुळांचे ठिपके मोहरीएवढे झाले होते. तिनं त्याचे ओले केस हुंगले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कापसाच्या फवारणीत विषबाधा होऊन माणसं पडली, त्या वर्षी ती नर्सिंग शिकत होती. वॉर्डात असेच डोळे तिनं खाटेमागून खाटेवर पाहिले होते.

"पाणी प्याला का तू? किती प्याला?" तिनं विचारलं. तो नुसता धापा टाकत होता. भावसिंग काठावरून वाकून पाहत होता. पाण्याखाली, मघाशी ऋतिक जिथं उतरला तिथंच, डबे होते. फवारणीच्या औषधाचे मोठे डबे, पोत्यांत बांधून आणून टाकलेले. कुणी टाकले ते आजवर कळलेलं नाही. वरचा डबा फुटलेला होता. आणि मैत्रेयीच्या पायाशी बिस्किटाचा चुरा तसाच पडून होता. एक मुंगी आली नव्हती.

तिनं त्याचा शर्ट काढून फेकला, बरोबरच्या बाटल्यांच्या पाण्यानं त्याचं डोकं धुतलं. मग ऋतिकला मध्ये घालून तिघं येझदीवर बसले. त्याची गाडी तिथंच राहिली. उतारावर भावसिंगनं गाडी अशी सोडली की मला वाटलं आता सगळे संपलो. ऋतिकची मान त्याच्या पाठीवर लटपटत होती. "झोपू नको, घंटी ऐक," मैत्रेयी त्याच्या कानाशी ओरडत होती. "ऋतिक, घंटी ऐकू येते का?" मी वाजत होते. दवाखान्याच्या दारापर्यंत मी क्षणभर थांबले नाही. त्या पूर्ण वाटेवर हँडल कुठंच ओढलं गेलं नाही. आमच्या पुढे कुणीतरी धावत होतं, एवढंच मी सांगते. पटत नसेल तर सोडून द्या.

ऋतिक वाचला. बरेच दिवस श्वासाच्या यंत्रावर होता, पण वाचला. चहाचा कप धरताना त्याचा हात अजून थरथरतो. तंबूंचा बेत त्या वर्षी रद्द झाला. खदानीवर कुणीतरी धोक्याची पाटी लावली. पावसाळ्याआधीच पत्र्यासाठी ती कुणीतरी उपटून नेली.

मग ऋतिक तांड्यावर आला. येझदीपाशी जाऊन त्यानं मला हात लावला. म्हणाला, "भावसिंग, घंटी दे मले. खदानीवर पळसाले लावतो." भावसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं मला सोडून त्याच्या हातात ठेवलं. हरिसिंग तर भडकलाच. "मी तुले गाडीसाठी देल्ली होती, झाडासाठी नाई! कायले देऊन राह्यला?" नातवाशी तो बरेच दिवस बोलला नाही. मलाही वाईट वाटलं. माणसांच्या घरात राहायची सवय झाली होती.

आता मी खदानीच्या तोंडाशी पळसाला टांगलेली आहे. ज्या मी तांड्याला थांबायची जागा दाखवली, ती आता वाटसरूंना हाकलते. वारा आला की वाजते. गुराखी म्हणतात इथं भूत आहे, आणि ढोरं लांबून नेतात. म्हणू द्या. भुताच्या नावानं का होईना, जीव तर वाचतात. गराशा मात्र इथं येत नाही. या पाण्याजवळ तो येणारच नाही, हे मला कळायला हवं होतं. कडी थंडच असते.

आज सकाळपासून वारा पडलाय. पळसाचं पानही हलत नाही. आणि खालच्या वाटेनं गाड्यांचे आवाज येताहेत, पुष्कळ गाड्यांचे. आता इंजिनं बंद झाली. कुणीतरी हसलं. एक लहान मूल म्हणालं, "आई, पाणी पाह्य कसं निळं!"

माझी जीभ सरळ खाली लोंबतेय. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. पण जवळपास असाल तर एक दगड उचला आणि मला मारा. नेम चुकला तर दुसरा मारा.