भोंगाकाकांची कुजबुज

माइक विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात छाती फुगवतो आणि ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ असं गरजतो. अशा गर्जनेला कुठलाही माइक उत्तमच वाटतो. कॅमेरावाल्यांनी तेच केलं आणि खुशीत बायकोकडे वळले.

“हाच घेऊ. आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळतो. बटणसुद्धा दाबायला नको!”

दोघं मिळून लग्नांचे व्हिडिओ करायची. डोळे त्यांचे, कान तिचे. आवाज घेणं, मग घरी संगणकावर बसून कापणं-जोडणं, सगळं तिच्याकडे. धंद्यातली झाडून सगळी माणसं तिला वहिनी म्हणत, दुकानदारही.

“आणि तो साधा?” वहिनींनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं.

“त्यात काही नाही हो वहिनी. गोंगाटासकट जे असेल ते ऐकू येतं, बस. म्हणून तर स्वस्त आहे.”

वहिनी घुटमळल्या. एरवी कॅमेरावाल्यांच्या उत्साहापुढे त्यांनी मान डोलावली असती, पण आठवड्यापूर्वी येऊन गेलेली नवरी त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. तिचे वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. तीस वर्षं. बाजाराच्या या टोकाला बोली पुकारली की त्या टोकाचा हमाल पोतं उचलायला लागे, असा आवाज. सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता बोलले तर नुसती हवा यायची, त्यात शब्द शोधावे लागत.

“काकू, बाकी गाणीबिणी कशीही लावा,” नवरी म्हणाली होती. “पण बाबा माझ्याशी दोन शब्द बोलणार आहेत. ते नाही आले, तर तो व्हिडिओ मी उघडणारसुद्धा नाही.”

“आधी एकदा माइक लावून बघू या का त्यांना?”

“नको. आता चार माणसांत तोंड उघडायची लाज वाटते त्यांना. एकदाच बोलणार म्हणालेत.”

म्हणजे तालीम नाही, दुसरी संधी नाही. वहिनींनी दुकानदाराकडून दोन्ही माइक दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणले. आता हवा होता कुजबुजणारा माणूस.

कॅमेरावाले कामाचे नव्हते. त्यांनी आपल्या मते कुजबुजत “येतंय का ऐकू?” असं विचारलं, तर समोरच्या गॅलरीतल्या बाई “हो, येतंय!” म्हणाल्या. वहिनींनी स्वतः कुजबुजावं तर ऐकणार कोण? यजमानांच्या कानांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. पाण्याचा नळ बंद करा ही हाक वीस वर्षांत एकदाही त्या कानांपर्यंत पोचली नव्हती.

आणि मग आठवलं, घरात सासूबाई आहेत की! कुजबुजीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रोज दुपारी लेकीला फोन लावायचा आणि तोंडावर हात धरून तासभर बोलायचं.

“सासूबाई, जरा हे दोन्ही माइक खांद्याला लावते. वन्संना फोन करा. मी आतल्या खोलीत ऐकत बसणार आहे बरं का, आधीच सांगते.”

“ऐक की. माझ्या मनात काय पाप आहे?” सासूबाई बाणेदारपणे म्हणाल्या आणि दोन मिनिटांत खांद्यावरचे माइक साफ विसरल्या.

वहिनींनी हेडफोन चढवला. आधी गाळणारा माइक. पंखा गायब, घड्याळ गायब, आणि सासूबाईही गायब! मधूनच ‘ही’ नाहीतर ‘तर’ एवढं यायचं, पुन्हा शुकशुकाट. त्या यंत्राच्या लेखी सासूबाईंची कुजबुज आणि पंख्याची घरघर सारखीच, दोन्ही त्यानं गाळून टाकली होती. हाच माइक भोंगाकाकांना लावला असता तर?

मग साधा. पंखा घरघरला, घड्याळ टिकटिकलं, आणि त्यातून स्पष्ट आलं, “...भाजीत मीठ घालायचं आठवत नाही. दिवसभर कानाला डबडं लावून बसते. पण हट्टी हो! कोणा मुलीच्या बापासाठी दोन दिवस जेवणाखाण्याची शुद्ध नाही तिला.”

स्वतःची निंदा वहिनींनी इतक्या आनंदानं कधी ऐकली नव्हती. त्या धावतच बाहेर आल्या. “सासूबाई, शब्द न् शब्द आला!”

सासूबाईंचा चेहरा उतरला. “मिठाचा पण?”

“मिठाचा तर सगळ्यात छान आला!”

साधा माइक पंखेही ऐकणार होता, त्याला इलाज सोपा होता. लग्नाच्या दिवशी भोंगाकाका उभे राहिले तशी वहिनींनी हॉलमधले सगळे पंखे बंद करायला लावले. पाहुणे आमंत्रणपत्रिकांनी वारा घेत कुरकुरले, कुरकुरू देत. माइक त्यांनी आधीच काकांच्या गळ्याशी, कॉलरच्या आत लावला होता. कॅमेरावाले पुढे सरसावले. वहिनींनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

काकांचे ओठ हलले. पहिल्या रांगेतही काही पोचलं नाही. वहिनींच्या कानात मात्र सगळं येत होतं.

“बाजार पहाटेचा. मी निघायचो तेव्हा तू झोपलेली असायचीस. उठू नयेस म्हणून अगदी कानाशी येऊन असंच बोलायचो. ‘जाऊन येतो गं बाळा.’ रोज. लोकांना तो भोंगा माहीत. तुझ्यासाठी माझा आवाज हाच होता, तो काही गेला नाही. पण तुला कुठं ठाऊक असणार...”

नवरी पुढे झाली. वडिलांच्या कॉलरवर तिनं कपाळ टेकलं, अगदी माइकपाशी, आणि तितक्याच हळू म्हणाली, “मी जागी असायचे, बाबा. रोज.”

ओठ थांबलेले बघून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाल्यांनी लांबून, जन्मात पहिल्यांदा, आवाज न करता विचारलं, आलं का?

वहिनींनी हेडफोन कानांवर तसाच धरून ठेवला. त्यांनी नुसती मान डोलावली.