नसलेल्या देशाचा पासपोर्ट

मी एक जुना पासपोर्ट आहे आणि मित्रांनो, मला माझीच किळस येते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी पुढे काही गोड बोलेन अशी आशा तुम्ही ठेवणार नाही. तुम्हाला शाळेत फाटक्या छत्रीचं, मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त लिहायला सांगतात. त्या बिचाऱ्या छत्रीने कुणाला तरी भिजण्यापासून वाचवलेलं असतं. मी काय केलं ते ऐका.

माझ्या कव्हरवर ज्या देशाचं नाव सोनेरी अक्षरांत छापलं आहे, तो देश पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. त्याला ना माती, ना माणसं, ना साधं पोस्ट ऑफिस. ते नाव मी इथे घेतही नाही.

माझा जन्म एका बोळातल्या छापखान्यात झाला. तिथे औषधांची लेबलं आणि दुकानांच्या पिशव्या छापायचे. हातात काम नसलं की मालक असले पासपोर्ट तयार करायचा. माझ्या कव्हरवरचा ऐटबाज गरुड त्याने केसांच्या तेलाच्या बाटलीवरून उचलला आणि आतल्या पानांवरची नक्षी बिस्किटांच्या डब्यावरून. शाई वाळायच्या आत त्याने माझ्यावर ठिकठिकाणच्या प्रवासाचे रबरी शिक्के मारले. मग मी वापरलेला दिसावा म्हणून मला स्टुलावर ठेवून तो माझ्यावर बसून जेवला. माझा पहिला प्रवास हा असा, त्याच्या बुडाखाली झाला.

मला विकत घेणारे गृहस्थ शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचे. सुया, बॉबिन आणि पट्ट्यांची पेटी घेऊन ते देशोदेशी हिंडत. बाजारात सगळे त्यांना ‘दौरेवाले’ म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणतो. माणूस वाईट नव्हता. पूर्वी एका हॉटेलवाल्याने त्यांचा खरा पासपोर्ट भलत्याच पाहुण्याला देऊन टाकला होता. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता.

“हा सरकारी नाही, आधीच सांगतो,” छापखान्याचा मालक म्हणाला. “सीमेवर दाखवलात तर तुरुंगात बसाल. पण हॉटेलात ठेवायला, चोराच्या हातावर टेकवायला याच्यासारखी वस्तू नाही.”

“आणि नाव कुणाचं घालायचं?”

“कुणाचंही घाला की! खरं नाव घालायचं तर हा घ्यायचाच कशाला?”

दौरेवाले खो खो हसले. फोटो त्यांचा चिकटवला, नाव मात्र मनाला येईल ते घातलं.

ही मोबाइल यायच्या आधीची गोष्ट आहे. त्या काळी बरीच हॉटेलं पाहुण्याचा पासपोर्ट जाईपर्यंत काउंटरमागच्या कप्प्यात ठेवून घेत. दौरेवाले मला ऐटीत काउंटरवर आपटत आणि माझ्यातल्या नावानेच खोली घेत. खरा पासपोर्ट शर्टाखालच्या कापडी पट्ट्यात असायचा. तो पट्टा त्यांच्या बायकोने घरी शिवला होता आणि आतल्या बाजूला लाल दोऱ्याने घरचा फोन नंबर भरून दिला होता. माझ्याबद्दल मात्र त्यांनी बाईंना कधीच सांगितलं नाही. उगाच घाबरेल, असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या व्यापाऱ्यांपुढे ते फुशारकी मारत, “खरा कमरेला, खोटा टेबलाला! डोकं लागतं त्याला.” मग मी हातोहाती फिरायचो आणि सगळे माझं कौतुक करायचे. तेलकट बोटांनी केलेलं ते कौतुक मला नको व्हायचं. कप्प्यात माझ्या शेजारी खरे पासपोर्ट असत. कुणाच्या पानांत लेकराचा फोटो ठेवलेला, कुणाला घामाचा वास, कुणाच्या कडा वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्याशी नजर मिळवायची मला लाज वाटायची. एकदा एका चोराने दौरेवाल्यांचा कोट लांबवला. त्याने मला उघडून पाहिलं, गरुडाकडे बघून नाक मुरडलं आणि गटाराशेजारी फेकून दिलं. चोरालाही मी नको होतो! दौरेवाल्यांनी मात्र मला शोधून काढलं, पुसलं आणि चक्क माझा मुका घेतला. शी!

आणि मग एका परक्या शहरात, दुकानाच्या पायऱ्या चढताना, ते कोसळले. पेटीतल्या सुया रस्ताभर सांडल्या. लोकांनी त्यांना हॉस्पिटलात पोहोचवलं. खिशात हॉटेलची किल्ली होती, म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी तिथे फोन केला. हॉटेलच्या कारकुनाने तातडीने मला पाठवून दिलं. तो आपल्या कर्तव्याला जागला, त्याची काही चूक नाही.

नर्सने मला उघडलं. फोटो जुळत होता, नाव मिळालं, तिचं काम झालं. कापून काढलेले कपडे पट्ट्यासकट गाठोड्यात बांधून तिने खाटेखाली सरकवले. त्या गाठोड्यावर माझ्यातल्या खोट्या नावाची चिठ्ठी लावली. मी नसतो तर तिने ते गाठोडं उचकलं असतं हो! माझ्यामुळे कुणाला शोधायची गरजच वाटली नाही.

दौरेवाल्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, डोळे मिटलेले होते. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या कानाशी वाकून ते खोटं नाव मोठ्याने पुकारायचे. ते हूं की चूं करायचे नाहीत. शेजारच्या खाटेवरच्याला बोलावताहेत असंच त्यांना वाटत असणार. डॉक्टर मान हलवून म्हणायचे, “नावाला प्रतिसाद नाही.” शुद्ध नाही म्हणून हातापायांचे व्यायामही सुरू झाले नाहीत. हॉस्पिटलचा माणूस रोज माझ्या देशाची वकिलात शोधायचा. “देशाचं नाव बदललं असेल,” असं पुटपुटत तो मला पुन्हा खाटेजवळच्या खणात ठेवायचा. त्या खणात पडून मी स्वतःला शिव्या घालत होतो. तोंड असतं तर ओरडलो असतो, की मी खोटा आहे, खाली वाका, गाठोडं सोडा!

तिकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर बाईंच्या तोंडून कळलं. दौऱ्यावर पोहोचल्याबरोबर हॉटेलचा नंबर कळवायचा, ही त्यांची पद्धत होती. नंतर नवऱ्याचा फोन आला नाही म्हणून बाईंनी हॉटेलात विचारलं. कारकून म्हणाला, “या नावाचे कुणी इथे उतरलेच नाहीत.” बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवऱ्याने पत्ताच खोटा दिला, मग आणखी काय काय लपवलं असेल? नाही नाही ते त्यांच्या मनात आलं. पण त्या फोन करत राहिल्या. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “नाव राहू द्या हो. डाव्या भुवईवर व्रण आहे. बशीत चहा सांडलेला असला की कप परत पाठवतात. असं कुणी आहे का?”

“अहो, ते होय!” कारकून म्हणाला. “ते तर हॉस्पिटलात आहेत.”

बाई मिळेल त्या विमानाने आल्या. खाटेवरचं नाव वाचून त्यांनी विचारलं, “हे कोण?” कुणी उत्तर देण्याआधीच त्यांना भुवईवरचा व्रण दिसला. त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो... ऐकताय ना?”

दौरेवाल्यांनी डोळे उघडले. डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं आणि डाव्या हाताने त्यांनी बाईंचं मनगट धरलं.

“यांचा पट्टा कुठाय?” बाईंनी विचारलं. नर्सने गाठोडं ओढलं. आतून खरा पासपोर्ट निघाला आणि लाल दोऱ्यातला फोन नंबरही. नर्स रडवेली झाली. “आम्ही उघडलंच नाही हो. कागद मिळाला होता ना,” ती म्हणाली. व्यायाम लवकर सुरू झाले असते तर हात बराचसा सुधारला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी मेलेलं झुरळ उचलावं तसं मला दोन बोटांत धरलं, आतला फोटो पाहिला, नाव पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. दौरेवाल्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता मी त्यांच्या घरी आहे. बाई मला चुलीत घालणार होत्या, मी त्याचीच वाट बघत होतो. पण दौरेवाले ज्या टेबलाशी बसून डाव्या हाताने लिहायला शिकतात, त्याचा एक पाय आखूड होता. तिथे पुठ्ठा पुरेना, म्हणून मला घडी घालून पायाखाली खुपसलं. गरुड जमिनीला चेपून सपाट झाला, ते एक बरं झालं.

मित्रांनो, हुशारी किती करायची याला काही सुमार असतो. तुम्ही रस्त्यात पडलात तर उचलणारा माणूस अनोळखीच असणार. त्याला तुमचं खरं नाव आणि घरचा नंबर चटकन सापडेल असा जवळ ठेवा. आणि माझ्यासारखं काही बाळगत असाल, तर घरच्यांना सांगून तरी ठेवा.

काल दौरेवाल्यांनी पाटीवर वेडंवाकडं का होईना, आपलं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि ते मोठ्याने वाचलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्यासमोर त्याचं नाव घेतलं. आणि दौरेवाल्यांनी लगेच मान वर केली.